उरलेल्या मुदतीचा सौदा

शाळांच्या परीक्षा आटोपून उन्हाळ्याच्या सुट्टीचे वेध लागू लागले, की जुन्या वस्तूंच्या खरेदीविक्रीच्या जाहिरातींत मोटारी, कपाटे आणि शिलाईयंत्रे यांच्या शेजारी एका निराळ्याच जिनसेची विक्री निघालेली दिसते. एखाद्या नामांकित हॉलिडे क्लबचे सदस्यत्व, पंचवीसपैकी बारा-तेरा वर्षे शिल्लक, आणि किंमत मूळ रकमेच्या निम्म्याहूनही कमी, असा तिचा मजकूर असतो. कारण म्हणून 'परदेशी स्थायिक होत आहोत' किंवा 'वयोमानामुळे प्रवास होत नाही' असे काहीसे लिहिलेले असते. मे महिन्यातील महाबळेश्वरचे किंवा डिसेंबरअखेरच्या गोव्यातील हॉटेलांचे दर ज्याने नुकतेच विचारून पाहिले आहेत, अशा कुटुंबवत्सल गृहस्थाला ही जाहिरात वाचून मोह पडावा हे स्वाभाविक आहे, आणि हा मोह सर्वस्वी अनाठायी असतो असेही मी म्हणणार नाही, कारण योग्य अटींवर आणि योग्य भावात घेतलेले असे सदस्यत्व पुष्कळ कुटुंबांनी वर्षानुवर्षे समाधानाने उपभोगलेले आहे. परंतु जाहिरातीत छापलेली किंमत ही या व्यवहारातील सर्वांत कमी महत्त्वाची रक्कम असते. जी रक्कम खरोखर महत्त्वाची ती जाहिरातीत कधीच नसते, आणि जे नियम त्या सदस्यत्वाचे मोल ठरवतात ते विकणाऱ्यालाही बहुधा धड ठाऊक नसतात.

अशा सदस्यत्वांची, म्हणजे टाइमशेअरची, ही पद्धत मूळची युरोपातील. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये 'हापिमाग' या संस्थेने अनेक लोकांच्या भागभांडवलातून विश्रामगृहे उभारून ती त्या भागधारकांना आळीपाळीने वापरावयास देण्यास आरंभ केला. पुढे हा व्यवसाय अमेरिकेत फोफावला आणि १९७४ साली इंडियानापोलिस येथे स्थापन झालेल्या आर.सी.आय. या संस्थेने एका ठिकाणचा आठवडा दुसऱ्या ठिकाणच्या आठवड्याशी बदलून देण्याची सोय निर्माण केल्यावर त्याला खरे व्यापक स्वरूप आले. आपल्याकडे १९८६ मध्ये मद्रासेस स्थापन झालेली स्टर्लिंग आणि १९९६ मध्ये स्थापन झालेली महिंद्रा हॉलिडेज, जिचे 'क्लब महिंद्रा' हे नाव घरोघरी परिचित आहे, या दोन कंपन्यांनी मध्यमवर्गाला या कल्पनेची ओळख करून दिली. मात्र अमेरिकेत आणि येथे एक मूलभूत भेद राहिला. फ्लोरिडासारख्या राज्यात टाइमशेअर घेणाऱ्याच्या नावाने पुष्कळदा रीतसर खरेदीखत होऊन ते सरकारदफ्तरी नोंदले जाते, म्हणजे तो त्या इमारतीच्या एका अंशाचा मालकच होतो. आपल्याकडे बहुतेक सदस्यत्वे ही केवळ वहिवाटीचा हक्क देतात, तोही ठरावीक मुदतीपुरता. क्लब महिंद्राची परिचित योजना पंचवीस वर्षांची आणि वर्षाला सात रात्रींची आहे. मुन्नार, मडिकेरी, महाबळेश्वर किंवा गोव्यातील वार्का येथील जमिनीत, भिंतीत अथवा छपरात सदस्याचा कवडीचाही हिस्सा नसतो.

हा भेद मनात पक्का केला म्हणजे पुढचे पुष्कळसे आपोआप उलगडते. दुसऱ्या हातचे सदस्यत्व घेणारा मनुष्य मिळकत विकत घेत नाही आणि वस्तूही विकत घेत नाही. दुसऱ्या कोणी तरी एका कंपनीशी पूर्वी केलेल्या करारनाम्याचा जेवढा काळ शिल्लक राहिला आहे तेवढ्या काळापुरता तो त्या माणसाच्या जागी उभा राहतो. करारातील हक्क त्याच्याकडे येतात, तशा जबाबदाऱ्याही येतात. हा सौदा दोघांचा दिसत असला तरी त्यात तिसरा पक्ष आहेच, आणि तो तिसरा पक्ष, म्हणजे कंपनी, हाच सर्वांत प्रबळ आहे. कारण तिच्या संमतीवाचून विक्रेता व खरेदीदार यांनी आपसात कितीही कागद केले तरी रिसॉर्टच्या स्वागतकक्षावर त्यांना काडीची किंमत नसते.

प्रथम किमतीचा विचार करू. नव्या सदस्यत्वाच्या मूळ किमतीत रिसॉर्ट बांधण्याचा खर्च असतो, तसाच ते विकण्याचाही मोठा खर्च असतो: मॉलमधील सोडती, पेट्रोलपंपावर भरून घेतलेली कूपने, गोव्याच्या किनाऱ्यावर वाटली जाणारी स्क्रॅच कार्डे, फुकटच्या सहलीची आमिषे, दांपत्याला दोन-दोन तास बसवून केलेले विवेचन आणि ते करणाऱ्यांची दलाली. हा खर्च पहिल्या खरेदीदाराने एकदा सोसलेला असतो आणि पुनर्विक्रीत तो परत मिळण्याचा काहीच मार्ग नसतो, म्हणून करार झाल्याच्या दुसऱ्या दिवशीही सदस्यत्वाची बाजारातील किंमत मूळ किमतीच्या पुष्कळच खाली जाते. त्याखेरीज दर वर्षी हक्काचा एक भाग झिजत जातो तो वेगळाच. १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या लेखा-मानकानुसार अशा कंपन्यांनाही सदस्यत्वाची रक्कम आल्या वर्षीच संपूर्ण उत्पन्न म्हणून न दाखवता मुदतीच्या वर्षांवर वाटून दाखवावी लागते. कंपनीचेच लेखापाल ज्या रीतीने हा हिशेब मांडतात त्या रीतीने खरेदीदारानेही तो मांडावा, हे न्याय्य आहे. समजा, एखादे सदस्यत्व मुळात साडेचार लाखांना घेतलेले असून पंचवीसपैकी तेरा वर्षे उरली आहेत, तर उरलेल्या भागाचे मूळ मोल २,३४,००० रुपये होते. ही त्याच्या किमतीची कमाल मर्यादा समजावी. या आकड्याच्या जवळपास जो भाव सांगत असेल तो स्वस्तात विकत नाही.

पण खरा प्रश्न वार्षिक शुल्काचा आहे, आणि त्यापाशी थोडे थांबणे अवश्य आहे. सदस्य मंडळी ज्याला 'ए.एस.एफ.' म्हणतात ते वार्षिक वर्गणीशुल्क म्हणजे रिसॉर्टची निगा, नोकरवर्ग, दुरुस्ती, विमा आणि व्यवस्थापन यांसाठी कंपनी दर वर्षी घेत असलेली रक्कम. ते सदस्य सहलीस गेला तरी द्यावे लागते आणि घरात बसून राहिला तरी द्यावे लागते. त्यावर वस्तू व सेवा कर वेगळा लागतो. सदस्यत्वातील घराचा, म्हणजे रिसॉर्टमधील निवासाचा, आकार मोठा असेल तर शुल्कही मोठे असते. आणि ते स्थिर नसते: बहुतेक करारांत महागाईच्या मानाने दर वर्षी वाढ करण्याचा अधिकार कंपनीने राखून ठेवलेला असतो. ही वाढ ग्राहक किंमत निर्देशांकाशी बांधलेली आहे, की तिला वरची काही टक्क्यांची मर्यादा आहे, की ती सर्वस्वी कंपनीच्या मर्जीवर आहे, हे त्या एका कलमावरून कळते. संपूर्ण करारनाम्यात हेच कलम मी सर्वांत आधी वाचायला सांगेन.

वर घेतलेलेच उदाहरण पुढे चालवू. विक्रेता दीड लाख मागतो, कंपनी हस्तांतरणाचे पंचवीस हजार घेते, आणि चालू वर्षाचे शुल्क करासह वीस हजार आहे, असे धरू. हे आकडे कोणत्याही विशिष्ट कंपनीचे नव्हेत, पण प्रमाण समजण्यास पुरेसे आहेत. हे शुल्क दर वर्षी सहा टक्क्यांनी वाढत गेले तर तेराव्या वर्षी ते चाळीस हजारांच्या वर जाते, आणि तेरा वर्षांत भरलेल्या शुल्काची बेरीज सुमारे ३,७७,६०० रुपये होते. म्हणजे ज्या दीड लाखासाठी घासाघीस करण्यात सारी शक्ती खर्च झाली त्याच्या अडीचपट. एकूण खर्च होतो सुमारे ५,५२,६००, आणि तेरा वर्षांच्या एक्क्याण्णव रात्रींवर तो वाटला तर एका रात्रीस सहा हजारांच्या किंचित वर पडतात. ठीक आहे; आजच्या दराने चांगल्या रिसॉर्टमधील प्रशस्त खोलीसाठी हा काही फार भाव नाही, आणि पुढील वर्षांत हॉटेलचे दरही वाढणारच आहेत. पण मुलांची दहावी-बारावी, घरातील आजारपण, नोकरीतील बदली, अशा कारणांनी तेरापैकी चार वर्षे जाणे जमले नाही आणि त्या वर्षांच्या रात्री वाया गेल्या, तर तोच खर्च त्रेसष्ट रात्रींवर येऊन एका रात्रीचे पावणेनऊ हजारांवर होतात. शिवाय यात जेवणखाण नाही, प्रवास नाही. काही ठिकाणी विजेचे वा अन्य सुविधांचे शुल्क निराळे आकारतात तेही नाही. आणि दीड लाख रुपये आज एकरकमी देऊन टाकल्यामुळे जे व्याज बुडते तेही मी यात धरलेले नाही.

हा हिशेब कागदावर मांडून पाहिल्यावाचून कोणीही पुढे जाऊ नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे; कारण पुष्कळ विक्रेते सदस्यत्व विकतात ते रोकड हवी म्हणून नव्हे, तर या वार्षिक शुल्काच्या तगाद्यातून सुटका हवी म्हणून. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या, गुडघ्यांनी साथ सोडलेल्या एखाद्या वृद्ध दांपत्याला न वापरलेल्या रात्रींचे शुल्क दर वर्षी भरावे लागते तेव्हा त्यांची अडचण खरी असते आणि त्यांच्या मनात कसलेही कपट नसते. तरीही त्यांचा भार स्वस्त दिसतो म्हणून उचलताना, आपल्यालाही एक दिवस ते वय येणार आहे आणि मुदत तोवर संपलेली असेल की नाही, याचे गणित करणे भाग आहे.

शुल्काच्या जोडीनेच थकबाकीचा विषय येतो. फ्लोरिडाच्या टाइमशेअरविषयक कायद्यात, म्हणजे तेथील संहितेच्या ७२१ व्या प्रकरणात, असे स्पष्ट म्हटले आहे की नवा धारक आणि जुना धारक हे हस्तांतरणापूर्वीच्या थकलेल्या देण्याबद्दल संयुक्तपणे जबाबदार राहतील. नव्या धारकाने ते भरले तर जुन्याकडून वसूल करण्याचा हक्क त्याला आहे, पण टाइमशेअरची व्यवस्था पाहणारी संस्था आधी त्याच्याच दारात येऊ शकते. न्यू जर्सी वा टेक्सासमधील जी मराठी कुटुंबे ऑर्लँडोच्या परिसरातील पुनर्विक्रीची घरे पाहतात, त्यांनी व्यवहारापूर्वी संस्थेकडून येणे-देण्याचा लेखी दाखला मागवणे म्हणूनच अनिवार्य समजावे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, परंतु व्यवहारात फळ तेच. जुनी बाकी फिटेपर्यंत कंपनी सदस्यत्व नव्या नावावर करीत नाही आणि शुल्क थकलेले असेल तर बुकिंगही देत नाही. दोन-तीन वर्षांचे शुल्क व त्यावरील व्याज साठलेले असले तर ते विक्रेत्याने भरावयाचे की खरेदीदाराने, हे तोंडी ठरवून भागत नाही. सदस्यत्व हप्त्यांवर घेतलेले असेल तर सारे हप्ते फिटले आहेत काय, हेही याच वेळी विचारावे. ना-थकबाकीचे पत्र कंपनीकडून, कंपनीच्या कागदावर आणि अलीकडच्या तारखेचे असावे. विक्रेत्याच्या मोबाइलमधील पावतीचे चित्र हा त्याचा पर्याय नव्हे.

आता नियमांकडे वळू. क्लब महिंद्राच्या योजनेत वर्षाचे चार सीझन मानलेले आहेत आणि त्यांना रंगांची नावे आहेत: जांभळा, तांबडा, पांढरा आणि निळा. जांभळा सर्वांत मागणीचा, निळा सर्वांत मोकळा. ज्याच्याकडे तांबडा सीझन आहे तो तांबड्या, पांढऱ्या व निळ्या काळात जाऊ शकतो, पण जांभळ्या काळावर त्याचा हक्क पोचत नाही. हे रंग सर्व ठिकाणी एकाच तारखांना नसतात. गोव्याचा गर्दीचा काळ आणि मसुरीचा गर्दीचा काळ निराळा, हे उघडच आहे. घरांचेही स्टुडिओ, एक शयनगृहाचे, दोन शयनगृहांचे असे प्रकार असतात आणि किती माणसांनी राहायचे याची संख्या त्यावर ठरते. ज्या घरात शाळेत जाणारी मुले आहेत त्या घराला सुट्टी एप्रिल-मेमध्ये, दिवाळीत आणि नाताळात मिळणार, म्हणजे नेमकी सर्वांत मागणीच्या काळात. अशा कुटुंबाने पांढऱ्या वा निळ्या सीझनचे सदस्यत्व केवळ स्वस्त मिळाले म्हणून घेतले, तर मुले शाळेत असताना पावसाळ्यात रिकाम्या असलेल्या खोल्या पाहण्यापलीकडे त्याच्या हाती काय पडणार? उलट ज्यांची मुले मोठी झाली आहेत, ज्यांना जुलैतील महाबळेश्वरचे धुके आणि पाऊसच अधिक प्रिय आहे, त्यांच्यासाठी तेच स्वस्त सदस्यत्व उत्तम ठरेल. सदस्यत्वाची योग्यता त्याच्या किमतीत नसते. घेणाऱ्याच्या घरच्या दिनदर्शिकेशी ते किती जुळते यावर ती अवलंबून असते.

सीझन जुळला तरी खोली मिळेलच असे नाही. हक्क असतो तो मागण्याचा. उपलब्धतेच्या अधीन राहून, हे शब्द बहुतेक करारांत असतातच. आगाऊ नोंदणी किती महिने आधी खुली होते, ती रद्द केल्यास रात्री परत मिळतात की बुडतात, न वापरलेल्या रात्री पुढील वर्षांत नेता येतात काय व किती, सदस्याऐवजी त्याचे आईवडील वा विवाहित मुलगी एकटी गेली तर पाहुणे म्हणून वेगळे शुल्क पडते काय, हे सारे विचारून घ्यावे. पुनर्विक्रीत याला एक विशेष वळण मिळते. डिस्ने कंपनीच्या 'व्हेकेशन क्लब'मध्ये मुक्कामाचा हक्क गुणांत मोजतात आणि सदस्याला पुढच्या वर्षाचे गुण आगाऊ उचलून चालू वर्षी वापरता येतात. परिणामी असे करार विक्रीस येतात की ज्यांतील चालू व पुढच्या वर्षाचे गुण जुन्या धारकाने आधीच खर्चून टाकलेले असतात आणि नव्या धारकाला मात्र शुल्क पहिल्या दिवसापासून सुरू होते. आपल्याकडेही ज्या योजनेत पुढील रात्री आधी वापरण्याची मुभा असेल तेथे शिल्लक रात्रींचा ताजा तक्ता कंपनीकडूनच घ्यावा, आणि रात्री वापरून झालेल्या वर्षाचे शुल्क विक्रेत्याच्या माथी राहील असे लिहून घ्यावे.

हस्तांतरणाच्या बाबतीत महाराष्ट्रातील वाचकाला सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेच्या खरेदीशी तुलना केल्यास पुष्कळ समजेल. तेथेही विक्रेता व खरेदीदार यांच्याखेरीज संस्था हा तिसरा पक्ष असतो आणि तीही हस्तांतरण अधिमूल्य घेते. परंतु त्याला कायद्याने पंचवीस हजारांची कमाल मर्यादा आहे, संस्थेने नाकारले तर निबंधकाकडे दाद मागता येते, आणि काहीही झाले तरी सदनिका भिंतींसह जागेवर असते. हॉलिडे क्लबच्या सदस्यत्वाला यांपैकी एकही आधार नाही. हस्तांतरणाचे शुल्क किती, हे करारात वा कंपनीच्या वेळोवेळी प्रसृत होणाऱ्या नियमांत जे असेल ते. किती वर्षे झाल्यावर हस्तांतरण करता येते, रक्ताच्या नात्यातील हस्तांतरणाला आणि परक्याला केलेल्या विक्रीला निराळे दर आहेत काय, सहधारकाची सही लागते काय, मूळ सदस्य दिवंगत असल्यास वारसांनी आधी स्वतःच्या नावावर करून घ्यावे लागते काय, या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर त्या त्या करारातच शोधावे लागते. म्हणून बयाणा देण्यापूर्वी मूळ करारनामा त्याच्या परिशिष्टांसह पाहावयास मागावा, आणि तो हरवला आहे असे उत्तर आले तर विक्रेत्यास कंपनीकडून त्याची प्रत मागवायला सांगावे. एक पत्र लिहिण्याचे ते काम आहे. तेवढे करण्यास जो तयार नसेल त्याच्याशी व्यवहार करू नये.

आणि सर्व हक्क दुसऱ्या धारकाकडे येतातच असे नाही, ही गोष्ट भल्याभल्यांना ठाऊक नसते. याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण पुन्हा डिस्नेचेच आहे. २०१६ पासून पुनर्विक्रीने आलेल्या सदस्यांना त्या क्लबने सवलती व विशेष कार्यक्रमांपासून वगळले. पुढे १९ जानेवारी २०१९ नंतर जो कोणी जुन्या चौदा रिसॉर्टपैकी एखाद्याचा करार दुसऱ्या हाताने घेईल, त्याचे गुण त्या चौदांपुरतेच चालतील, नव्या ठिकाणी नाहीत, आणि नव्या 'रिव्हिएरा' रिसॉर्टचा करार दुसऱ्या हाताने घेणाऱ्याला केवळ रिव्हिएरातच राहता येईल, असा नियम झाला. एकाच इमारतीतील शेजारशेजारच्या खोल्यांत राहणाऱ्या दोन सदस्यांचे हक्क, ते कोणाकडून खरेदी केले यावरून, असे भिन्न झाले. शिवाय तेथे सौदा ठरल्यावरही तो त्याच किमतीला स्वतः विकत घेण्याचा अग्रहक्क कंपनीकडे आहे. आपल्याकडील करारांतही सदस्यांना मिळणारी सवलतपत्रे, भेटीदाखल दिलेल्या रात्री आणि आर.सी.आय.सारख्या विनिमयसंस्थेचे सदस्यत्व पहिल्या धारकाच्या नावाशी बांधलेले असू शकते. विनिमयाची संस्था ही तर मुळात निराळी आहे. तिची वर्गणी निराळी आणि प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क निराळे. विक्रेत्याने सिंगापूर वा बाली येथील सहलीची छायाचित्रे दाखवली तर ती त्याने कोणत्या सदस्यत्वाच्या बळावर केली आणि ते बळ तुमच्याकडे येणार आहे काय, हे विचारण्यात संकोच कसला?

युरोपीय संघाने २००९ साली काढलेल्या टाइमशेअरविषयक निर्देशात पुनर्विक्रीचाही समावेश आहे: व्यावसायिकाशी केलेल्या करारातून ग्राहकाला चौदा दिवसांत विनाकारण माघार घेता येते, आणि विकून देतो म्हणणाऱ्या मध्यस्थाला प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत एक छदामही आगाऊ घेण्यास मनाई आहे. ही दुसरी तरतूद मला फार शहाणपणाची वाटते, कारण या व्यवसायातील लबाडी बहुतांशी त्या एका फटीतून शिरते. 'तुमच्या सदस्यत्वाला गिऱ्हाईक तयार आहे, फक्त कर व नोंदणीचे पैसे आधी भरा', असा दूरध्वनी येतो आणि पैसे भरल्यावर गिऱ्हाईकही नाहीसे होते व दूरध्वनीही. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने व तपासयंत्रणेने मिळून इशारा दिला, की मेक्सिकोतील सशस्त्र गुन्हेगारी टोळ्या नेमक्या याच पद्धतीने अमेरिकन टाइमशेअरधारकांना, विशेषतः वृद्धांना, लुबाडीत आहेत. आपल्याकडे चौदा दिवसांची अशी कायदेशीर मुभा नाही आणि मध्यस्थांवर तसा निर्बंधही नाही. म्हणून जो मध्यस्थ आगाऊ रक्कम मागेल त्याला ती देऊ नये.

महाराष्ट्राने या क्षेत्रात याहून मोठी हानी सोसलेली आहे. मुंबईच्या पॅनकार्ड क्लब्ज या कंपनीने हॉटेलातील रात्री विकण्याच्या नावाखाली, न वापरल्यास मुदतीअखेर वाढीव रक्कम परत, अशा योजना चालवल्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये 'सेबी'ने त्या बेकायदा सामूहिक गुंतवणूक योजना ठरवून पैसे परत करण्याचा आदेश दिला तेव्हा पन्नास लाखांहून अधिक लोकांचे सात हजार कोटी रुपयांहून अधिक त्यात अडकलेले होते. त्यांत छोटे दुकानदार होते, शिक्षक होते, ओळखीपाळखीच्या घरांत प्रमाणपत्रे विकणारे स्थानिक एजंटही होते. त्याच सुमारास, २०१५ साली, रॉयल ट्विंकल स्टार क्लबविरुद्धही तशाच स्वरूपाचा आदेश झाला होता. सहलीचे सदस्यत्व हे उपभोगाचे साधन आहे. त्यातून परतावा मिळेल, पुढे चढ्या भावाने विकता येईल, किंवा न वापरल्यास पैसे दामदुप्पट होतील असे जो सांगेल, त्याच्या हातातील कागदावर कोणतेही नाव छापलेले असो, तेथून उठून यावे.

तक्रारीची वेळ आलीच तर कोणाविरुद्ध कोठे जावे, हे आधी जाणून असावे. सदस्यत्व नावावर झाल्यानंतर कंपनी कबूल केलेली सेवा देत नसेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा आयोगाकडे जाता येते. दिलेला मोबदला पन्नास लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तेथेच चालते, पाच लाखांपर्यंत असेल तर दाव्याचे शुल्कही नाही, आणि तक्रारदार जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार नोंदवता येते. कंपनीचे मुख्यालय दूरच्या शहरात आहे म्हणून खचून जाण्याचे कारण नाही. मुदत मात्र कारण घडल्यापासून दोन वर्षांची. करारातील अटीच अन्यायकारक आहेत अशी तक्रार असेल तर ती राज्य आयोगाकडे न्यावी लागते. प्रथम १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केल्यास पुष्कळदा कंपनी बोलणी करण्यास पुढे येते. परंतु फसवणूक खासगी विक्रेत्याने केली असेल, म्हणजे थकबाकी लपवली किंवा वापरलेल्या रात्री शिल्लक म्हणून सांगितल्या असतील, तर तो काही सेवा देणारा व्यावसायिक नव्हे; तेथे ग्राहक आयोगाचा उपयोग नाही आणि दिवाणी न्यायालयाची दीर्घ वाट चालावी लागते. एक-दीड लाखासाठी ती वाट कोण चालतो? विक्रेत्याशी करावयाचा कागद आरंभीच नीट करणे महत्त्वाचे ते एवढ्यासाठी.

तो कागद मुद्रांकावर असावा, त्यात सदस्यत्वाचा क्रमांक, सीझन, घराचा प्रकार, मुदत संपण्याची तारीख, शिल्लक रात्री आणि अमुक तारखेपर्यंतची सर्व देणी विक्रेत्याची, हे लिहिलेले असावे, आणि कंपनीने हस्तांतरण नाकारल्यास बयाणा किती दिवसांत परत करावयाचा तेही असावे. बयाणा लहान द्यावा, रोख देऊ नये, बँकेतून द्यावा. हस्तांतरणाचे शुल्क विक्रेत्याच्या वा मध्यस्थाच्या हाती न देता थेट कंपनीच्या खात्यात भरावे. त्यानंतर कंपनीचे पत्र खरेदीदाराच्या नावाने येते. त्यातील नाव, सीझन, घराचा आकार आणि मुदतीची अखेरची तारीख जुन्या करारनाम्याशी ताडून पाहावी, त्या नव्या क्रमांकावर एखादे बुकिंग खरोखर स्वीकारले जाते की नाही ते करून पाहावे, आणि उरलेली रक्कम विक्रेत्याला त्यानंतर द्यावी.